मुंबई ते लंडन नेमकं किती लांब आहे?

13 जून 2025 च्या पहाटे एअर इंडियाचं लंडनला जाणारं विमान मुंबईहून उडालं आणि साधारण तीन तासांनी परत मुंबईतच उतरलं. विमान ठणठणीत होतं, पाऊस-वादळाचाही प्रश्न नव्हता. त्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला होता आणि इराणने आपलं आकाश बंद केलं होतं. पाकिस्तानचं आकाश तर भारतीय विमानांना एप्रिलपासूनच बंद होतं. त्या दिवशी युरोप-अमेरिकेला निघालेली अशी कितीतरी विमानं माघारी फिरली, नाहीतर भलत्याच शहरात उतरली.

तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो, विशेषतः मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांकडून. मुंबई ते लंडन हवाई अंतर किती, असं मोबाइलला विचारलं की उत्तर येतं सुमारे 7,200 किलोमीटर. प्रवासी विमान ताशी 900 च्या आसपास जातं. भागाकार केला की आठ तास. मग तिकिटावर दहा तास का लिहिलेत? परतीच्या तिकिटावर नऊच का? आणि गेल्या वर्षी गेलो तेव्हा कमी लागले होते, ते यंदा वाढले कसे?

मोबाइलचं उत्तर चुकीचं नसतं, पण ते फक्त जमिनीच्या गोलाईचं उत्तर असतं. विमानाला गोलाईखेरीज वारा, सीमा, डोंगर आणि इंधन यांचाही हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब एकदा नीट समजून घेतला तर तिकीट काढतानाच पुष्कळ गोष्टी उलगडतात, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

### सरळ रेषा कुठे काढायची?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडा. रेषा ओमानच्या आखातावरून निघते, कुवेतच्या बाजूने इराक-सीरियावर येते, मग तुर्कस्तान, बाल्कन देश आणि आल्प्स ओलांडून लंडनला पोचते. आता घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो आपसूक वर, उत्तरेकडे सरकतो. कराचीच्या जवळून जातो, इराणचा पूर्व भाग ओलांडतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून कॉकेशस पर्वतात शिरतो, तिथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा नैर्ऋत्य भाग, दक्षिण पोलंड आणि जर्मनी.

ताणलेला दोरा ही खरी सरळ वाट. गोल पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर अशा वर्तुळावरून जातं, जे पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करतं. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बृहत्‌वृत्त म्हटलेलं असतं. या लेखात पुढे मी त्याला दोऱ्याची वाट म्हणेन.

नकाशा फसवतो तो त्याच्या जन्मापासूनच्या अडचणीमुळे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावीच लागते. 1569 साली मर्केटर या नकाशाकाराने ज्या पद्धतीने नकाशा काढला, तीत ध्रुवांकडचा भाग सर्वांत जास्त ताणला जातो. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळपास 14 पट मोठी आहे. विषुववृत्तावर एका अंशाच्या अंतराने असलेल्या दोन रेखावृत्तांमध्ये 111 किलोमीटर असतात, 60 अंश उत्तरेला त्याच्या निम्मेच. पूर्व-पश्चिम लांब जायचं असेल तर उत्तरेकडून गेल्याने अंतर वाचतं, ते यामुळेच.

लंडनच्या बाबतीत हा फरक फार मोठा नाही. मर्केटरच्या नकाशावर पट्टीने आखलेली वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे 200 किलोमीटर लांब पडते. न्यूयॉर्कचं पाहा. त्याच नकाशावरची सरळ रेषा सौदी अरेबिया, लिबिया, अल्जीरिया करत अटलांटिक ओलांडते आणि 14,200 किलोमीटर भरते. दोरा मात्र मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो, थेट आइसलंडवर पोचतो आणि तिथून खाली न्यूयॉर्कला उतरतो. तेही 12,500 किलोमीटरमध्ये. तब्बल 1,700 किलोमीटरची बचत. न्यूयॉर्कला जाताना समोरच्या पडद्यावर विमान कधी उत्तरेला बर्फाच्या प्रदेशाकडे वळलेलं दिसलं तर ते वाट चुकलेलं नसतं.

### दोऱ्याखाली कोण कोण येतं

मुंबई-लंडनच्या दोऱ्याखालची नावं पुन्हा एकदा वाचा. कराची. इराण. कॉकेशस. काळ्या समुद्राचा रशियन किनारा. क्रिमिया. युक्रेन. गेल्या काही वर्षांत जगात जिथे जिथे तोफा धडाडल्या किंवा संबंध तुटले, त्यातली बरीचशी ठिकाणं या एका रेषेवर ओळीने उभी आहेत.

आकाशाला कुंपण नसतं असं आपण म्हणतो, कायदा तसं मानत नाही. विमान वाहतुकीबद्दल देशादेशांत झालेल्या 1944 च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य हक्क आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतचा समुद्रही त्यात आला. त्यापलीकडचं आकाश सर्वांना खुलं. दुसऱ्याच्या आकाशातून जायचं तर परवानगी लागते आणि त्यासाठी शुल्कही भरावं लागतं. सरकारची मर्जी फिरली की परवानगी जाते.

पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. 30 एप्रिलला भारताने त्यांच्या विमानांना बंद केलं. पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. बालाकोटनंतर फेब्रुवारी 2019 ते 16 जुलै 2019 या काळातही वाट बंद होती आणि 2 जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. 2025 मध्ये कंपनीने सरकारला कळवलेला अंदाज फारच मोठा होता: बंदी वर्षभर राहिली तर सुमारे 60 कोटी डॉलर.

युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं. त्याआधी 17 जुलै 2014 ला पूर्व युक्रेनवरून जाणारं मलेशिया एअरलाइन्सचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि 298 माणसं गेली. ते विमान तेव्हा खुल्या असलेल्या उंचीवरूनच चाललं होतं. ‘थोडा धोका पत्करून सरळ का जात नाहीत’ असं कुणी विचारलं की मला ते विमान आठवतं. दोन तास वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही, एवढं माझं मत ठाम आहे.

मग मुंबईहून निघालेलं भारतीय विमान जातं कसं? अरबी समुद्रावरून पश्चिमेला ओमानकडे, आणि पुढे त्या दिवशी जे आकाश उघडं असेल त्याप्रमाणे इराक-तुर्कस्तानवरून किंवा सौदी अरेबिया-इजिप्तवरून. नकाशावर पट्टीने काढलेली ती ‘चुकीची’ रेषा आता खऱ्या वाटेच्या जवळची ठरते. मुंबईला निदान समुद्राचं दार उघडं आहे. दिल्लीचे हाल जास्त. तिथल्या विमानाला युरोपला जायचं तर आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्राकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. यात तास-दीड तास जातो. बंदीनंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळे.

वळसा घेत जाणं मुंबई-लंडन वाटेला नवीन नाही, पूर्वी कारण वेगळं होतं. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे पहिलं विमान लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत, कारण एका दमात जाण्याइतकं इंधन त्या काळच्या विमानात मावत नव्हतं. आज इंधन मावतं, वाट अडते.

### ‘मग ब्रिटिश कंपनीचं विमान आपल्याआधी कसं पोचतं?’

पाकिस्तानची बंदी भारतात नोंदलेल्या आणि भारतीय कंपन्या चालवत असलेल्या विमानांवर होती. ब्रिटिश किंवा जर्मन कंपनीचं विमान मुंबईहूनच उडालं तरी त्याला ती लागू नव्हती. एकाच विमानतळावरून एकाच विमानतळाकडे जाणारी दोन विमानं वेगळ्या वाटांनी जातात आणि वेळेत फरक पडतो, त्यामागे हेच साधं कारण आहे.

रशियाच्या बाबतीत चित्र उलटं. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस युरोपीय देशांनी रशियन विमानांना आकाश बंद केलं आणि रशियाने 36 देशांच्या विमान कंपन्यांना आपलं. भारत त्या यादीत नव्हता. त्यामुळे सैबेरियावरून जायची मुभा एअर इंडियाला राहिली, युरोपीय कंपन्यांना ती नाही. सर्वांत मोठा फटका फिनलंडच्या फिनएअरला बसला. हेलसिंकी ते टोकियो हा त्यांचा नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला.

### वारा

सीमा आणि गोलाई बाजूला ठेवली तरी जायला जास्त आणि यायला कमी वेळ का, हे कोडं उरतंच. ते सुटतं वाऱ्याने.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं ज्या उंचीवर चालतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आपण जेट वारे म्हणू. ताशी 100-200 किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, कधी कधी त्याहून कितीतरी जास्त. विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. गरम आणि थंड हवेतला फरक जितका मोठा तितका वारा जोरदार, म्हणून हिवाळ्यात ते सर्वांत दमदार असतात. शिवाय दक्षिणेला सरकतात, थेट उत्तर भारताच्या डोक्यावर येतात.

विमानाचा 900 हा वेग जमिनीच्या संदर्भात मोजलेला नसतो, भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो. नदीतल्या होडीसारखं आहे हे. वल्हवणारा तेवढंच बळ लावतो, पण प्रवाहाबरोबर होडी झपाट्याने जाते आणि प्रवाहाविरुद्ध काठावरची झाडं हलता हलत नाहीत. मुंबई-न्यूयॉर्कचे 12,500 किलोमीटर घ्या. समोरून सरासरी 50 चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो 850 आणि उड्डाणाला पावणेपंधरा तासांच्या आसपास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग 950 आणि वेळ तेरा तासांपेक्षा थोडी जास्त. 50 चा वारा म्हणजे या उंचीवर झुळूकच, तरीही दीड तासाचा फरक.

आसनासमोरच्या पडद्यावर नकाशाच्या बरोबरीने काही आकडे फिरत असतात: उंची, बाहेरचं तापमान, जमिनीवरचा वेग, आणि बऱ्याच विमानांत समोरचा किंवा पाठीचा वाराही. सिनेमा थोडा वेळ थांबवून ते पाहण्यासारखे असतात. बाहेर उणे 55 अंश, वेग 780. पुढच्या फेरीत परतताना जवळपास त्याच उंचीवर वेग 1,010. इंजिनांचा आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो, आपल्याला आत काहीच वेगळं जाणवत नाही.

या वाऱ्याचा सर्वांत सुंदर दाखला एअर इंडियानेच ऑक्टोबर 2016 मध्ये दिला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ते अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. मग कंपनीने ते उलट बाजूने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायचं ठरवलं. ही वाट 15,300 किलोमीटरची, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. पण सगळा वारा पाठीशी. विमान साडेचौदा तासांत पोचलं आणि पश्चिमेकडच्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास वाचले. भागाकार करून पाहा, सरासरी वेग ताशी 1,050 च्या वर जातो. जास्त लांबची वाट कमी वेळात. किलोमीटरचा आकडा एकटा किती अपुरा असतो, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

याच वाऱ्यावर स्वार होऊन फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. त्या वेळी कियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं आणि विमानाचा जमिनीवरचा वेग एका क्षणी ताशी 1,327 किलोमीटरपर्यंत गेला होता. ‘म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान?’ असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. नाही. भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

### ‘हे पृथ्वी फिरते म्हणून होतं ना?’

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली गंतव्य स्थान आपणहून जवळ यायला हवं. हे खरं असतं तर मुंबईहून लंडनला जायला कमी वेळ लागला असता आणि यायला जास्त. प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं.

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते. पण तिच्यासोबत समुद्र, हवा, ढग, धावपट्टी आणि धावपट्टीवरचं विमानही तेवढ्याच वेगाने फिरत असतं. उडाल्यावर तो वेग विमानातून गळून पडत नाही. जुहूच्या आकाशात हेलिकॉप्टर एका जागी घोंघावत राहिलं तर पाच मिनिटांनी त्याच्याखाली अरबी समुद्र आलेला नसतो, जुहूच असतं. फिरण्याचा परिणाम होतो, पण आडून: वाऱ्यांना पूर्वेकडे वळवणारी तीच आहे. विमानाला फरक पडतो तो त्या वाऱ्यांमुळे.

### ‘उशीर होणार असेल तर वेग वाढवता येत नाही का?’

थोडाफार येतो, फार नाही. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी 1,065 च्या आसपास असतो आणि विमान त्याच्या 85 टक्क्यांवर चालत असतं. त्यापुढे हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभसा जळतं.

इंधनाचं गणितही विचित्र आहे. जास्तीचं इंधन घ्यायचं तर त्याचं वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन लागतं. साधारण ठोकताळा असा की जादा घेतलेल्या इंधनातलं 3-4 टक्के दर तासाला केवळ ते इंधन वाहून नेण्यात खर्ची पडतं. एक तासाचा वळसा म्हणजे एका तासाचं इंधन एवढाच हिशेब नसतो, त्यावर हे व्याज असतं. वजनाची मर्यादा ठरलेली असल्यामुळे कुठेतरी काटछाट करावी लागते, आणि ती पहिली होते विमानाच्या पोटातल्या मालात. एप्रिल-मेमध्ये लंडनला निघालेल्या हापूसच्या पेट्याही याच पोटातून जातात. आकाश बंद झालं की त्याची झळ रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारापर्यंत पोचू शकते, हे सहसा बातम्यांत येत नाही.

### डोंगर, ध्रुव आणि दोन इंजिनं

मुंबई-सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून पाहिला तर तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो. दिल्लीच्या थोडं पश्चिमेकडून, लडाख, तियानशान पर्वत, सैबेरिया, 76 अंश उत्तरेपलीकडचा आर्क्टिक महासागर, आणि मग अलास्कावरून खाली. अंतर 13,500 किलोमीटर. राजकारण पूर्ण बाजूला ठेवलं तरी या वाटेवर दोन अडचणी आहेत.

पहिली उंच पहाडांची. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट सुमारे 10,000 फुटांवर, म्हणजे 3,000 मीटरवर उतरावं लागतं, कारण डोक्यावरून खाली लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी 4,500 मीटरपेक्षा उंच आहे. उतरायला जागाच नाही. म्हणून विमान कंपन्या हा भाग शक्यतो टाळतात, किंवा सुटकेची वाट आधीच आखून, खास तयारीनिशी जातात.

दुसरी अडचण निर्जन प्रदेशाची. आजची बहुतेक लांब पल्ल्याची विमानं दोन इंजिनांची असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठराविक मिनिटांत कुठल्यातरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. 1950 च्या दशकात ही मर्यादा 60 मिनिटांची होती. 1985 मध्ये ती 120 झाली, पुढे 180, आणि इंजिनं भरवशाची होत गेली तशी काही विमानांना पाच तासांहून जास्त परवानगी मिळाली. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, त्यामागे या नियमांचा मोठा प्रवास आहे.

जवळचा विमानतळ म्हणजे सोयीचा विमानतळ असं मात्र नाही. जून 2023 मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादान इथे उतरलं. 216 प्रवासी आणि 16 कर्मचारी. विमान सुखरूप उतरलं, नियमाने आपलं काम चोख केलं. पण एवढ्या माणसांची सोय होईल इतकी हॉटेलं तिथे नव्हती. मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे न्यावं लागलं.

### तिकिटावरचे तास कसे वाचायचे

तिकिटावरची वेळ म्हणजे उड्डाणाची वेळ नव्हे. विमान मुंबईच्या गेटवरून हलल्यापासून लंडनच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, हीथ्रोच्या आसपास उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालणं, उतरल्यावर गेटपर्यंतचा फेरा, सगळं. त्यातच कंपन्या थोडी वेळ राखूनही ठेवतात. म्हणून ‘वीस मिनिटं आधी पोचलो’ असं बऱ्याचदा घडतं.

दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या असतात. समजा मुंबईहून पहाटे 2 ला निघून लंडनला सकाळी 6:30 ला पोचायचं आहे. दिसायला साडेचार तास. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, ते मिळवले की प्रवास 10 तासांचा. परतताना लंडनहून सकाळी 10 ला निघून मध्यरात्रीनंतर 12:30 ला मुंबई, आणि शेजारी बारीक अक्षरात +1, म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख. दिसायला साडेचौदा तास, साडेपाच वजा केले की 9. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार धरायचे. अमेरिकेतली घड्याळं वेगळ्या रविवारी बदलतात. त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या काही आठवड्यांत लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचा हिशेब हमखास चुकतो.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ एक नव्हे. नॉन-स्टॉप विमान मध्ये कुठेही उतरत नाही. डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर तोच राहतो, पण वाटेत थांबा असू शकतो. वयस्कर माणसांचं तिकीट काढताना हे बुकिंगच्या पानावर उघडून पाहावं. थांब्याच्या ठिकाणी खाली उतरावं लागणार की आतच बसून राहायचं, हेही आधी विचारून घ्यावं.

पश्चिमेकडे जाणारा प्रवास हिवाळ्यात जास्त लांबतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत लंडन किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर मध्ये सव्वा तासाची जोडणी घेऊ नये. नियमाने ती ‘चालते’, वाऱ्याचा जोर वाढला की चालत नाही. व्हीलचेअर लागणार असेल तर तीन तास हवेतच. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असली तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर पुढची व्यवस्था करणं सहसा कंपनीकडे येतं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पुढचं विमान चुकलं, तर नवं तिकीट खिशातून काढावं लागण्याची शक्यता मोठी असते. आणि न्यायला येणाऱ्या मुलांनी तिकिटावरची वेळ पाहून घरातून निघू नये. आकाश बंद-उघड होण्याच्या या दिवसांत फ्लाइट नंबर टाकून विमान त्या क्षणी कुठे आहे ते पाहावं, आणि मगच गाडी काढावी.